वीतभर निघाली, हातभर होऊन पोचली

२०२३ सालची संक्रांत होऊन आठवडाही झाला नव्हता. शाळेला निघायच्या गडबडीत होते आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. काळं आकाश, त्याखाली आमच्या खोडदची तबकडी, मागे घुमणारा आवाज आणि लाल अक्षरांत मथळा: 'खोडदच्या दुर्बिणीला परग्रहावरून संदेश'. मधल्या सुट्टीपर्यंत तोच व्हिडिओ मला नऊ जणांनी पाठवला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने खाली लिहिलं होतं, "बाई, शनिवारी फळ्यावर हे घेणार ना?"

घ्यायचंच होतं. पण घाईने नाही, कारण या बातमीत खरं आणि खोटं एकमेकांत गुंतलं होतं. खोडदच्या दुर्बिणीने खरोखरच फार लांबून आलेलं काहीतरी टिपलं होतं. फक्त तो संदेश नव्हता आणि तो कुणी पाठवलाही नव्हता.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावापासून सायकलच्या टप्प्यात. टोमॅटो, कांदा, द्राक्षं, आणि मधूनच आकाशाकडे तोंड करून उभी असलेली एखादी प्रचंड जाळीदार तबकडी, असं आमचं शिवार. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही ती दुर्बीण. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची आणि अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ खोडदला एकमेकींजवळ आहेत. बाकीच्या तीन दिशांना शेताशेतांतून पसरल्यात, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांनी ही दुर्बीण उभी केली. माझ्या वर्गातल्या मुलांनी जन्मापासून या तबकड्या पाहिल्यात, त्यामुळे त्यांचं नवल कुणालाच नाही. जगभरचे शास्त्रज्ञ इथे निरीक्षणाला वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात आणि आमची गुरं तिच्या कुंपणाकडेने चरतात.

फळ्याचं आधी सांगते. १५ जानेवारी २०१० ला दुपारी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेच्या टोकाला कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. गावातली निम्मी दारं बंद होती, पाण्यावर तुळशीची पानं ठेवलेली. मी मुलांना ग्रहणाचे चष्मे देऊन पटांगणात उभं केलं. तासाभराने मुलांना न्यायला आलेल्या चार बायकांनी तेच चष्मे मागून घेतले आणि बराच वेळ परत दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयाच्या काकांकडे गेले आणि एसटी थांब्याकडची भिंत मागितली. शाळेच्या फळ्यांसाठी आणलेला काळा रंग उरला होता, तो त्या भिंतीला लावला. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी तिथे आकाशाची एक बातमी लिहिते. एसटी उशिरा येते, माणसं उभी असतात, वाचतात.

सुरुवातीची काही वर्षं मी नुसते आकडे लिहायचे. इतके कोटी किलोमीटर, इतकी प्रकाशवर्षं (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर). मंगळयान पोचलं तेव्हा, सप्टेंबर २०१४ मध्ये, लोकांनी फळ्यापुढे उभं राहून फोटो काढले. मला वाटलं, जमलं. मग २०१७ च्या जुलैमध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला आकाशगंगांचा एक अवाढव्य समूह शोधल्याची बातमी आली. त्याला त्यांनी 'सरस्वती' असं नाव दिलं होतं. मी मोठ्या उत्साहाने लिहिलं: अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे. सकाळी डेअरीत दूध घालायला निघालेल्या एक आजी भिंतीपुढे थांबल्या. नातवाकडून सगळं वाचून घेतलं आणि मला विचारलं,

"बाई, हे मोजलं कुणी? आन् कशानं मोजलं?"

मला उत्तर आलं नाही. 'शास्त्रज्ञांनी मोजलं' एवढंच म्हणाले. आजी काही बोलल्या नाहीत, कॅन उचलून गेल्या.

त्या आजींच्या दोन म्हशी. डेअरीत फॅटचा आकडा कमी लागला तर त्या निमूट पावती घेऊन परत येत नाहीत. मशीनकडे बघतात, नमुना पुन्हा लावायला सांगतात, कालची पावती काढून दाखवतात. आकडा मानायच्या आधी तो कुठून आला हे विचारायचं, ही रीत दूध घालणाऱ्या माणसाला रोजच्या पोटापाण्यातून ठाऊक असते. तेरा वर्षं विज्ञान शिकवून मी ती फळ्यावर आणली नव्हती. त्या शनिवारपासून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आली: 'कसं कळलं'. ती भरता येत नसेल तर बातमी लिहायची नाही, असं मी ठरवलं आणि आजवर पाळलं. काही शनिवार फळा जुनाच राहतो, तो त्यामुळे.

म्हणून २१ जानेवारीच्या शनिवारी मी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या: 'खोडदची बातमी खरी आहे, पण व्हिडिओत सांगितली तशी नाही. नीट समजून घेऊन पुढच्या शनिवारी लिहिते.'

आणि मग समजून घ्यायला बसले. खोडदच्या दुर्बिणीने एका फार दूरच्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनची रेडिओ लाट टिपली होती. हा शोध होता कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरुपम रॉय यांचा, 'मंथली नोटिसेस ऑफ द रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी' या नियतकालिकात आलेला. संस्थेचं निवेदन मी आधी वाचलं, मग मूळ निबंधाचा गोषवारा. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून गेलं. तिसऱ्या वाचनाला एकेक वाक्य मराठीत वहीवर उतरवायला लागले, तेव्हा कुठे गाठी सुटायला लागल्या. माझा अनुभव असा आहे की, जे मला मराठीत लिहिता येत नाही ते मला कळलेलं नसतं. इंग्रजीत वाचताना शब्द ओळखीचे वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण समजणं म्हणून बसतो.

वहीत उतरलं ते असं. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुण असतो. दोघांची दिशा एकच असेल तर कधीतरी इलेक्ट्रॉन उलटा होतो आणि त्या क्षणी २१ सेंटिमीटर लांबीची एक रेडिओ लाट बाहेर पडते. एका अणूला असं उलटायला सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ लागतो. इथे मी पेन खाली ठेवलं. मग एवढ्या क्वचित होणाऱ्या गोष्टीचा संकेत मिळतो कसा? उत्तर पिंपळाच्या पारावर सापडलं. पिंपळाचं अमुक एक पान कधी गळेल हे कुणी सांगू शकत नाही, पण पार मात्र रोज झाडावा लागतो. पानं इतकी आहेत की कुठलं ना कुठलं गळतच असतं. त्या दूरच्या आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की त्याचं वजन तिथल्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट भरतं.

तिथून निघालेली लाट आपल्यापर्यंत यायला ८८० कोटी वर्षं लागली. निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. अवघं विश्वच ४९० कोटी वर्षांचं होतं. याआधी एखाद्या आकाशगंगेच्या हायड्रोजनची ही लाट जास्तीत जास्त ४१० कोटी वर्षांपूर्वीची पकडता आली होती. म्हणजे आमच्या बांधावरच्या दुर्बिणीने एका उडीत दुपटीच्या पुढे मजल मारली होती. हे वाचून मी खरंच उठून अंगणात गेले. आमच्या शिवारालगतची तबकडी तिथून दिसते.

प्रवासात लाट ताणली जाते, कारण मधला अवकाशच फुगत असतो. याला ताम्रसृती म्हणतात, पण तो शब्द फळ्यावर नको असं मी ठरवलं. किती ताणली गेली हे मी वहीत मांडून पाहिलं. ताण २.२९ पट. २१ सेंटिमीटरला त्याने गुणलं तर ४८ सेंटिमीटर. आकडा लिहिला आणि नकळत माझा हात टेबलावर पसरला. २१ म्हणजे जवळपास एक वीत. ४८ म्हणजे जवळपास एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. वीतभर निघाली, हातभर होऊन पोचली. आमच्या गावात आजही जागा, दोरी, कापड वितीने आणि हाताने मोजणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी याहून नेमकं माप मला सापडलं नसतं.

२५ तारखेला आठवीच्या वर्गात सांगून बघितलं. पायजम्यात घालतात ते रुंद इलॅस्टिक आणलं, त्यावर पेनने लाट काढली. दोन उंचवट्यांत वीतभर अंतर. दोन मुलांनी टोकं धरून हातभर होईपर्यंत ओढलं. मुलांनी लगेच आपापली वीत पट्टीला लावली आणि गोंधळ उडाला, कुणाची १६ भरली, कुणाची १७. शेवटी बाकांची दुरुस्ती करायला आलेल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांची बरोबर २१. काका खूश झाले. पण मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, इलॅस्टिक आम्ही ओढलं. आकाशात ओढतंय कोण?"

इलॅस्टिकमध्ये ही खोट आहे, हे मला आधी सुचलं नव्हतं. रात्री भाकऱ्या थापताना सुचलं. भोगीला बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात. गोळा थापत गेलं की प्रत्येक तीळ दुसऱ्या तिळापासून लांब जातो. कुठलाच तीळ चालत नाही, कुणी त्याला ढकलत नाही, भाकरीच पसरते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर त्या मुलीला गाठून सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग भाकरीला कड आहे, आकाशाला?" मी तिला खरं तेच सांगितलं: इथे भाकरीचा दाखला संपतो, आकाशाला तशी कड कुणाला सापडलेली नाही. दाखला कुठपर्यंत चालतो आणि कुठे सोडायचा हे सांगायलाच हवं, नाहीतर मुलं दाखल्यालाच बातमी समजतात.

शनिवारी, २८ ला, फळा लिहिला. मला दीड तास लागला. 'कसं कळलं' या चौकटीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण यावेळची ती चौकट फार सुंदर होती. त्या आकाशगंगेचं अंतर तिच्या साध्या प्रकाशावरून आधीच काढलेलं होतं. त्यामुळे तिच्या हायड्रोजनची लाट ताणून किती लांबीची होऊन येईल हे गणिताने आधीच सांगता येत होतं. दुर्बीण त्या लांबीवर लावली आणि संकेत बरोबर तिथेच सापडला. घरी मापून नेलेलं दूध डेअरीच्या मापात तेवढंच भरावं, तसं. तरीही संकेत इतका क्षीण असतो की एरवी तो लागलाच नसता. वाटेत नेमकी आणखी एक आकाशगंगा होती. तिच्या वजनाने लाटांची वाट वाकली, भिंगासारखी एकवटली आणि संकेत सुमारे ३० पट वाढला.

रविवारी संध्याकाळी पारावर बोलायचं ठरलं होतं. एरवी दहा-पंधरा माणसं येतात, त्या दिवशी साठेक होती. व्हिडिओने ती आणली हे मी मानते. पारावरचा दिवा बंद केला. अर्धा चंद्र वर होता, पण पुनर्वसूचे दोन तारे पूर्वेला ठळक दिसत होते. उत्तरेला खाली ध्रुव. म्हटलं, या दोन ताऱ्यांपासून ध्रुवापर्यंत मनात रेघ ओढा, साधारण मधोमध थांबा. तिथे.

सगळे बघत राहिले. "तिथं तर कायच दिसत नाय," एक जण म्हणाला.

"डोळ्याला दिसणारच नाही. म्हणून तर एवढ्या मोठ्या तबकड्या लागतात."

मग इलॅस्टिक काढलं, भाकरी सांगितली, पिंपळाचं पान सांगितलं. एलियनचं मी मुद्दाम शेवटी घेतलं आणि हसण्यावारी नेलं नाही. ज्याने व्हिडिओ पाठवला त्याला खरंच वाटलं होतं की आपल्या गावाजवळ जगातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली. त्या वाटण्यात चूक काहीच नव्हती. मी एवढंच म्हणाले की हा संकेत हायड्रोजनचा आहे, आणि हायड्रोजन आपल्या विहिरीच्या पाण्यातही आहे. विश्वाच्या अगदी सुरुवातीला तयार झालेला. तिथला आणि इथला एकच.

एका तरुण मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे एलियन नाहीतच का, बाई?"

"आहेत की नाहीत हे अजून कुणालाच माहीत नाही. ही बातमी त्याबद्दल नाही."

त्याने मान हलवली, पण समाधान झालं नव्हतं. ते समाधान माझ्याकडे नव्हतंच, आणि खोटं देण्याची माझी तयारी नव्हती.

मग द्राक्षबाग असलेल्या एका आप्पांनी बरीच वर्षं मनात असलेलं विचारलं. "बाई, स्पष्ट सांगा, ह्या डिशा पाऊस पळवतात का?" दोन-चार माणसं सावरून बसली, म्हणजे प्रश्न एकट्या आप्पांचा नव्हता. मी सांगितलं की तबकडी आकाशात काहीही सोडत नाही, ती फक्त ऐकते. इतकं बारीक ऐकते की तिच्या आवारात मोबाइलसुद्धा बंद ठेवायला सांगतात. आप्पा म्हणाले, "मग जाळीची का? पत्र्याची का नाय?" हा प्रश्न मला फार आवडला. जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची, आणि लाट हातभर लांब. एवढ्या लांब लाटेला ती भोकं नसल्यासारखीच, ती आदळून परत फिरते. वारा मात्र आरपार जातो. पत्र्याची एवढी तबकडी वाऱ्यापुढे टिकवायला केवढं लोखंड लागलं असतं! बागेवर नेट का घालता, ताडपत्री का नाही, असं म्हटल्यावर आप्पाच बाकीच्यांना समजावायला लागले.

दुधाच्या आजी मागे दगडावर बसल्या होत्या. सगळं झाल्यावर पुढे आल्या, माझ्या हातातलं इलॅस्टिक घेतलं, स्वतःच्या वितीने मोजलं, ओढून हाताने मोजलं. "आन् ही लाट हातभरच येणार, हे आधीच ठरवलं होतं?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "मंग ठीक हाय."

सोमवारी रात्री फोन आला. माझा एक विद्यार्थी पुण्यात भौतिकशास्त्र शिकतो, त्याला कुणीतरी फळ्याचा फोटो पाठवला होता. "बाई, तुम्ही लिहिलंय, ही आकाशगंगा ८८० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. पण प्रकाश येत असताना मधली जागा फुगत होती ना? मग आज ती त्याहून जास्त दूर असणार." मी गप्प झाले. भाकरी मीच थापून दाखवली होती आणि अंतर मात्र न थापलेल्या गोळ्याचं लिहिलं होतं. खरं म्हणजे '८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली' एवढंच लिहायला हवं होतं. काळाची वर्षं मी सवयीने अंतराची करून टाकली. किती बातम्यांत मी हेच केलं असेल, हा विचार त्या रात्री गेला नाही.

मंगळवारी पहाटे पहिल्या एसटीच्या आधी भिंतीपाशी गेले. पुसून नवं लिहिणं सोपं होतं, साठ माणसांनी मात्र जुनं वाचलं होतं. म्हणून ती ओळ तशीच ठेवून तिच्यावर एक आडवी रेघ मारली, खाली बरोबर वाक्य लिहिलं, शेजारी तारीख घातली आणि चूक का झाली ते दोन ओळींत लिहिलं. माझ्या विद्यार्थ्याने दाखवली, असंही लिहिलं, त्याचं नाव न घालता, कारण त्याने नको म्हटलं. तो फळा मी दोन आठवडे बदलला नाही. त्या दोन आठवड्यांत वाचनालयातल्या प्रश्नपेटीत सतरा चिठ्ठ्या आल्या. पेटीची कल्पना माझी नाही. जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर लिहून त्याखाली सही करत, त्यावरून घेतलेली. एरवी महिन्याला तीन-चार चिठ्ठ्या येतात. यावेळी सात चिठ्ठ्यांत माझ्या जुन्या फळ्यांबद्दलच्या शंका होत्या. त्यांतल्या दोन बरोबर निघाल्या, त्याही पुढच्या शनिवारी तारखेसह लिहिल्या.

त्याच वर्षी २९ जूनला खोडदचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. जगातल्या अनेक दुर्बिणींनी स्पंदक, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओचा ठोका देणाऱ्या ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून अतिशय संथ गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या लहरींच्या खुणा शोधल्या होत्या आणि त्यात आपल्या दुर्बिणीच्या नोंदीही होत्या. ती बातमी मी फळ्यावर घेतली तेव्हा व्हिडिओ आलेला नव्हता, गर्दीही नव्हती. पावसाने अर्धी अक्षरं ओघळली होती. आजी मात्र छत्री धरून उभ्या होत्या आणि नातू उजव्या कोपऱ्यातली चौकट आधी वाचत होता.

भिंतीवर आता दोन खुणा कायमच्या आहेत. सुतारकाकांनी ऑइलपेंटने काढून दिल्यात: एक आडवी रेघ २१ सेंटिमीटरची, तिच्याखाली एक ४८ ची. एसटीची वाट बघणारी मुलं वरच्या रेघेवर वीत लावून बघतात. जिला आकाशाची कड मी सांगू शकले नव्हते ती मुलगी आता दहावीत आहे. तिची वीत १९ पर्यंत आली आहे.